कंपनी डेलावेअरची, कारभार कोथरूडचा

पुण्यात, नाशकात किंवा मडगावात बसून अमेरिकेत कंपनी काढायला आज पासपोर्ट, एक क्रेडिट कार्ड आणि थोडा धीर एवढे पुरते. नोंदणीची कागदपत्रे ईमेलने येतात, डेलावेअर किंवा वायोमिंग राज्यातला एक पत्ता मिळतो, डॉलरचे खाते उघडते. मग ओळखीचा कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, ‘कंपनी अमेरिकेची, गिऱ्हाईक अमेरिकेचे, पैसाही तिकडेच. भारतात कर भरायचा प्रश्नच कुठे येतो?’ या एका वाक्यावर विसंबून बरेच फ्रीलान्सर, सॉफ्टवेअर बनवणारे आणि सल्लागार वर्षानुवर्षे निर्धास्त राहतात.

हा सल्ला चुकीचा आहे. नोंदणीचा दाखला कुठल्या देशाचा, हा करखात्याच्या दृष्टीने फक्त पहिला प्रश्न असतो. निर्णय कोण, कुठे बसून घेतो आणि काम कुठे होते, हे त्यानंतर पाहिले जाते आणि कर त्यावर ठरतो. अशी कंपनी तुमच्याकडे असेल किंवा काढायचा विचार असेल, तर पुढचे मुद्दे क्रमाने तपासून घ्या. येथे दिलेले दर आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याची जागा ‘प्राप्तिकर कायदा, २०२५’ घेतो. त्यात कलमांचे आणि काही फॉर्मचे क्रमांक बदलले, तरी खाली सांगितलेली तत्त्वे तीच आहेत.

आधी स्वतःचे निवासीपण तपासा

आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहिलात, तर तुम्ही करासाठी निवासी ठरता. निवासी आणि ‘सामान्यतः निवासी’ असलेल्या माणसाचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र असते. पैसा भारतात आणला की नाही, याने काही फरक पडत नाही.

दुबईचा व्हिसा काढून ठेवला म्हणजे सुटलो, असे समजणाऱ्यांसाठी २०२०मध्ये एक तरतूद आली. भारतीय नागरिकाला राहण्याच्या जागेमुळे दुसऱ्या कुठल्याही देशात कर लागत नसेल आणि परदेशातले उत्पन्न वगळून त्याचे उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर तो भारताचा निवासी मानला जातो. या १५ लाखांत भारतातून नियंत्रित होणाऱ्या व्यवसायाचे उत्पन्नही धरले जाते. ही शेवटची अट दुबईच्या बहुतेक ‘युक्त्यां’ना पुरून उरते.

कंपनी नक्की कुठली?

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. हिऱ्यांचा व्यापार करणारी डी बिअर्स कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली होती. खाणी तिथे होत्या, मुख्य कचेरीही किंबर्लीत होती. पण धोरणाचे निर्णय लंडनमधल्या संचालकांच्या बैठकीत होत. १९०६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की खरे नियंत्रण जिथून चालते तिथली ही कंपनी, म्हणून तिने ब्रिटनमध्ये कर भरावा.

आपल्याकडे पूर्वी परदेशी कंपनीचे नियंत्रण ‘संपूर्णपणे’ भारतातून असेल तरच ती निवासी ठरे. वर्षातून एखादी बैठक सिंगापूरला घेतली की ही अट टळायची. ती पळवाट बुजवण्यासाठी ‘प्लेस ऑफ इफेक्टिव्ह मॅनेजमेंट’ म्हणजे प्रभावी व्यवस्थापनाचे ठिकाण ही कसोटी आली आणि १ एप्रिल २०१७पासून लागू झाली. सीए मंडळी तिला ‘पोएम’ म्हणतात. कंपनीचा एकूण व्यवसाय चालवायला लागणारे महत्त्वाचे व्यवस्थापकीय आणि व्यापारी निर्णय प्रत्यक्षात जिथे घेतले जातात, ते हे ठिकाण. ते भारतात असेल, तर परदेशी दाखला असूनही कंपनी भारताची निवासी ठरते आणि तिचे जगभरातले उत्पन्न येथे करपात्र होते.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ जानेवारी २०१७च्या परिपत्रकात यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. संचालकांची बैठक कागदोपत्री कुठे झाली, एवढ्यावर अधिकारी थांबत नाही. संचालक मंडळ दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयांवर नुसता शिक्का मारत असेल, तर तो दुसरा माणूस कुठे बसतो हे पाहिले जाते. समजा, डेलावेअरच्या कंपनीत पगारी संचालक नेमला आहे. पण गिऱ्हाइकाला दर कोथरूडमधून कळवले जातात, करारावर डिजिटल सही कोथरूडमधून होते, बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन कोथरूडच्या ब्रॉडबँडवरून होते आणि माणूस नेमायचा की काढायचा, हेही तिथेच ठरते. अशा कंपनीचे प्रभावी ठिकाण कुठे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मानसरोवर कमर्शियल या प्रकरणात एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व जुन्या कायद्याखाली लावले. कंपन्या सिक्कीमच्या तेव्हाच्या वेगळ्या कायद्याखाली नोंदलेल्या होत्या. मात्र त्यांच्या हिशेबवह्या, शिक्के आणि सह्या करून ठेवलेली कोरी चेकबुके दिल्लीतल्या हिशेबतपासनीसाच्या कचेरीत सापडली. नियंत्रण दिल्लीचे, म्हणून करही भारतीय प्राप्तिकर कायद्याने, असा निकाल लागला.

पन्नास कोटींची सवलत आणि तिची मर्यादा

इथे लहान व्यावसायिकांना एक दिलासा आहे. २३ फेब्रुवारी २०१७च्या परिपत्रकानुसार वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या कंपनीला पोएमची कसोटी लावली जात नाही. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इथेच संपतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

पोएम लागू नाही याचा अर्थ एवढाच, की तुमची कंपनी अनिवासी राहिली. अनिवासी कंपनीचे भारतात ‘बिझनेस कनेक्शन’ असेल, तर भारतातल्या कामातून झालेला नफा भारतात करपात्र असतोच. दुहेरी कर टाळण्याचा करार लागू झाला तर ‘पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट’ म्हणजे कायमस्वरूपी आस्थापना आहे का, हे पाहिले जाते. कंपनीचा एकमेव मालक, एकमेव कामगार आणि एकमेव विक्रेता एकाच घरात बसून वर्षभर काम करतो, तेव्हा ‘आमचे भारतात काहीच नाही’ हे पटवणे कठीण जाते. जुलै २०२५मध्ये हयात इंटरनॅशनलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःच्या नावाची वेगळी जागा नसली, तरी कामकाजावरचे प्रत्यक्ष नियंत्रण आणि सातत्य यांवरून आस्थापना सिद्ध होऊ शकते. ती कंपनी दुबईची होती आणि हॉटेले भारतातली.

अमेरिकेतल्या एकमालकी एलएलसीची, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या कंपनीची, आणखी एक अडचण आहे. अमेरिकी करखाते तिला मालकाहून वेगळी मानत नाही, तर भारतीय कायदा तिला परदेशी कंपनी मानतो. ती तिकडे स्वतः करदाती नसल्याने करारातले संरक्षण तिला मिळते का, हा वादाचा विषय आहे. संरक्षण मिळाले नाही, तर अधिक व्यापक असलेली ‘बिझनेस कनेक्शन’ची तरतूद सरळ लागू होते.

आता आकडे पाहू. नाशिकमधल्या एका सॉफ्टवेअर सल्लागाराला परदेशी गिऱ्हाइकांकडून वर्षाला ५० लाख रुपये मिळतात आणि खर्च नगण्य आहे, असे धरू. दुसरे उत्पन्न नाही, आणि त्याने नवी करप्रणाली निवडली आहे.

पहिला मार्ग: तो स्वतःच्या नावाने बिल करतो. माहिती तंत्रज्ञान आणि तांत्रिक सल्ला यांसारख्या ठरावीक व्यवसायांना, जमा ७५ लाखांपर्यंत आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांपर्यंत असेल तर, अनुमानित कर योजना घेता येते. तीत निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. २५ लाखांवरचा कर उपकरासह ३,४३,२०० रुपये. ही योजना घेतली नाही आणि पूर्ण ५० लाख उत्पन्न धरले, तर कर ११,२३,२०० रुपये.

दुसरा मार्ग: त्याच कामासाठी भारतात प्रायव्हेट लिमिटेड काढली. सवलतीच्या २२ टक्के दराने, अधिभार आणि उपकर धरून, ५० लाखांच्या नफ्यावर १२,५८,४०० रुपये.

तिसरा मार्ग: डेलावेअरची एलएलसी. परदेशी कंपनीचा भारतातला दर ३५ टक्के, उपकरासह ३६.४ टक्के. सगळा नफा भारतातल्या कामाचा ठरला, तर कर १८,२०,००० रुपये. उरलेले ३१,८०,००० त्याने लाभांश म्हणून काढले, तर त्यावर पुन्हा ५,५५,३६० रुपये. एकूण २३,७५,३६०.

एलएलसीकडून वाजवी पगार घेतला तर तो खर्च धरला जाईल आणि हा बोजा बराच हलका होईल, हे खरे. तरीही कर वाचवायला म्हणून काढलेली कंपनी सर्वात महाग पडू शकते, हे या हिशेबातून दिसते.

पैसा तुमच्या हाती कुठल्या नावाने येतो?

कंपनीकडून पैसे घेण्याचे तीन रस्ते आहेत. पगार घेतलात, तर काम भारतात झाले म्हणून तो भारतात कमावलेला पगार आहे. परदेशी कंपनीनेही त्यावर करकपात करावी, असे कायदा सांगतो. त्यासाठी तिला टॅन म्हणजे करकपातीसाठीचा क्रमांक घ्यावा लागतो. लाभांश घेतलात, तर तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. व्यावसायिक म्हणून कंपनीला बिल लावलेत, तर ते व्यवसायाचे उत्पन्न. पण बिल लावणारे आणि घेणारे दोन्ही तुम्हीच असल्याने ट्रान्सफर प्रायसिंगचे नियम लागतात. म्हणजे त्रयस्थाला जो दर लावला असता तोच लावायचा, आणि दरवर्षी सीएकडून फॉर्म ३सीईबीचा अहवाल द्यायचा. या अहवालाला रकमेची किमान मर्यादा नाही.

कर कापून न आलेल्या पैशावर आगाऊ कर स्वतः भरावा लागतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

फेमा: करापेक्षा आधी येणारी पायरी

बहुतेकांची चूक इथे होते, कारण फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा हा प्राप्तिकराचा नाही आणि सीएकडे जाईपर्यंत त्याचे नावही कुणी काढत नाही. निवासी भारतीयाने परदेशी कंपनीचे भाग घेणे म्हणजे परदेशातली थेट गुंतवणूक. त्यासाठी ऑगस्ट २०२२चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियम लागू होतात.

पैसे बँकेमार्फत, व्यक्तींनी परदेशात रक्कम पाठवण्याच्या ‘एलआरएस’ योजनेतून जावे लागतात. तिची मर्यादा आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर आहे. वर्षात १० लाख रुपयांहून अधिक रक्कम गुंतवणुकीसाठी पाठवली, तर वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर घेते, जो नंतर विवरणपत्रात वळता होतो. बँकेला फॉर्म एफसी द्यायचा, रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन क्रमांक घ्यायचा, भागांचा पुरावा सहा महिन्यांत सादर करायचा. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल म्हणजे एपीआर. कंपनीचे नियंत्रण तुमच्याकडे असेल, तर हा अहवाल ऑडिट झालेल्या हिशेबांवर द्यावा लागतो, मग तिकडच्या कायद्यात ऑडिटची सक्ती असो वा नसो. जाहीर झालेला लाभांश देय झाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणायचा.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. निवासी व्यक्तीला स्वतःच्या नियंत्रणातल्या परदेशी कंपनीखाली उपकंपनी ठेवता येत नाही. अशा कंपनीला कर्जही देता येत नाही, गुंतवणूक फक्त भागभांडवलातच. क्रेडिट कार्डावर नोंदणी उरकून हे सगळे आधीच चुकले असेल, तर विलंब शुल्क किंवा कंपाउंडिंगचा मार्ग उपलब्ध आहे. तो बँक आणि सीए यांच्या सल्ल्याने, जितक्या लवकर तितका बरा.

याशिवाय कंपनी कायदा, २०१३ नुसार परदेशी कंपनीने भारतात व्यवसायाचे ठिकाण उघडले, तर ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंद करावी लागते. ठिकाण इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचे असले तरी ही तरतूद लागू होते.

विवरणपत्रातला सर्वात महाग रकाना

सामान्यतः निवासी व्यक्तीने विवरणपत्रात ‘शेड्यूल एफए’ भरून परदेशातली सर्व मालमत्ता दाखवायची असते. कंपनीतले भाग, परदेशी बँक खाती, आणि जिथे तुम्हाला सहीचा अधिकार आहे ती खातीही. कंपनीला तोटा असला, उत्पन्न शून्य असले, तरी हे सुटत नाही. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ या सोप्या फॉर्ममध्ये हा रकानाच नाही, त्यामुळे अनुमानित योजना घेणाऱ्यालाही आयटीआर-३ भरावा लागतो. येथे वर्ष आर्थिक नसून जानेवारी ते डिसेंबर धरतात, हे अनेकांच्या नजरेतून निसटते.

न दाखवल्यास २०१५चा काळा पैसा कायदा लागतो. माहिती दडवल्याचा दंड १० लाख रुपये. २०२४च्या दुरुस्तीनंतर स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची जबाबदारी कायम आहे. दडवलेल्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड लागू शकतो. जाणूनबुजून कर बुडवल्यास तुरुंगवासही आहे. खात्याला कळणार कसे, असे म्हणण्याचे दिवस गेले. अमेरिकेबरोबर २०१५चा फॅटका करार आहे, शंभराहून अधिक देशांकडून बँक खात्यांची माहिती आपोआप येते, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये करखात्याने परदेशी मालमत्ता असलेल्या करदात्यांना एसएमएस आणि ईमेल पाठवून विवरणपत्रे सुधारायला सांगितलेही.

परदेशात कर भरला असेल, तर त्याची वजावट मिळते. १९६१च्या कायद्याखाली त्यासाठी फॉर्म ६७ भरायचा. दोन्ही देशांतल्या करांपैकी कमी असेल तेवढीच रक्कम मिळते.

तिकडची देणी

भारतातली बाजू सांभाळली, तरी जिथे नोंदणी आहे तिथली कामे उरतातच.

अमेरिका: परदेशी मालकाच्या एकमालकी एलएलसीला, काम अमेरिकेबाहेर होत असेल तर, सहसा तिथला केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही. पण मालक आणि कंपनी यांच्यातल्या व्यवहारांसाठी फॉर्म ५४७२ दरवर्षी द्यावाच लागतो. चुकल्यास दंड २५,००० डॉलर, म्हणजे २० लाख रुपयांहून अधिक. डेलावेअर राज्य एलएलसीकडून वर्षाला ३०० डॉलर घेते, मुदत १ जून. सी-कॉर्पोरेशन असेल तर नफ्यावर २१ टक्के कर, आणि लाभांशावर भारतीय निवासी व्यक्तीला कराराप्रमाणे २५ टक्के कपात.

एस्टोनिया: डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेली ई-रेसिडेन्सी ही डिजिटल ओळख आहे. तिने कुणी तिथला करनिवासी होत नाही. नफा वाटेपर्यंत कर नाही, वाटला की २०२५पासून २२ टक्के. ही सवलत एस्टोनियाची आहे, भारत ती मानायला बांधील नाही.

संयुक्त अरब अमिराती: जून २०२३पासून ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. ‘दुबई म्हणजे शून्य कर’ हे आता सरसकट खरे नाही.

परदेशातून परतलेल्यांनी

न्यू जर्सीत कंपनी उभी केली आणि आता आईवडिलांसाठी पुण्यात परतलात, तर परिस्थिती थोडी वेगळी आहे. परदेशात असताना घेतलेले भाग फेमाच्या कलम ६(४)मुळे तसेच ठेवता येतात. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांहून अधिक नसेल, तर तुम्ही ‘सामान्यतः निवासी नाही’ या गटात बसता. तेवढ्या काळात परदेशी उत्पन्नाला भारतात कर नाही आणि शेड्यूल एफएही नाही. अपवाद एकच, आणि तोच नेमका तुमच्यासाठी आहे: भारतातून नियंत्रित होणाऱ्या व्यवसायाचे उत्पन्न सुटत नाही. पुण्यात बसून केलेल्या कामाचा पगारही भारतात करपात्र आहे. कंपनीची सूत्रे खरोखरच तिकडच्या भागीदाराकडे किंवा व्यवस्थापकाकडे द्यायची असतील, तर परतण्याआधी द्या आणि निर्णयांची नोंद ठेवा. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व असेल, तर अमेरिकेतले विवरणपत्रही सुरूच राहते.

मग काढावी की काढू नये?

अमेरिकी गुंतवणूकदार डेलावेअरच्या सी-कॉर्पोरेशनशिवाय पैसे द्यायला तयार नाही, तिथे खरीखुरी माणसे नेमायची आहेत, किंवा मोठ्या गिऱ्हाइकाची तशी अट आहे, तर परदेशी कंपनी जरूर काढा. अशा वेळी भारतात वेगळी कंपनी ठेवून तिने परदेशी कंपनीला वाजवी दराने सेवा विकायची, ही रुळलेली रचना आहे. मालकीची साखळी कशी बसवायची, हे मात्र फेमा जाणणाऱ्या सल्लागाराकडून आधी तपासून घ्या.

केवळ डॉलरमध्ये बिल करायचे असेल, तर ते भारतातूनच होते. सेवांची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करा आणि दरवर्षी एलयूटी म्हणजे हमीपत्र द्या. पैसे परकीय चलनात येत असतील आणि निर्यातीच्या बाकीच्या अटी पाळल्या असतील, तर सेवा-निर्यातीवर जीएसटी भरावा लागत नाही. एकट्याच्या कामासाठी अमेरिकी फाइलिंग, भारतीय ऑडिट, एपीआर आणि ट्रान्सफर प्रायसिंगचा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कंपनी आधीच काढून बसला असाल, तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. यूआयएन क्रमांक आहे का, ते बँकेकडून पाहा. मागची विवरणपत्रे उघडून शेड्यूल एफए भरला होता का, ते तपासा. फॉर्म ५४७२ कुठल्या वर्षांचे गेले आहेत, ते नोंदणी करून देणाऱ्याला विचारा. मग ही तिन्ही उत्तरे घेऊन प्राप्तिकर आणि फेमा दोन्ही हाताळणाऱ्या सीएकडे जा. नोटीस येण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती, नोटीस आल्यानंतरच्या खुलाशापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.